लघवी तुंबवू नका, लपवू नका

दिवाळी उलटली की सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातले रस्ते उसाच्या वाहनांनी भरून जातात. टाकळी सिकंदर, अनगर, वटवटे इथल्या कारखान्यांच्या दिशेने बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात. शिवारात बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे अंधारात फडात उतरलेली बाई दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरते. आसपास पुरुष असतात, आडोसा नसतो. त्यामुळे ती लघवीला जात नाही आणि जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. आजारी पडून घरी बसले तर खाडा पडतो, म्हणून दुखणेही अंगावर काढते. महाराष्ट्रात जिथे जिथे ऊस तोडला जातो तिथे हेच चित्र आहे.

पण ही सवय फक्त फडातल्या बाईची नाही. आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या मावशी, सोलापूरला एसटीने कॉलेजला जाणाऱ्या मुली, शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नाही म्हणून संध्याकाळपर्यंत दम धरणाऱ्या पोरी, पुणे-सोलापूर महामार्गावर गाडी चालवणारे ड्रायव्हर, हे सगळे तेच करतात. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि पाऊस जेमतेम पडतो, तिथे या सवयीची किंमत मूत्रमार्ग आणि मूत्रपिंडे मोजतात. यातले बरेचसे आजार आधी ओळखता येतात, काही टाळताही येतात. अडचण एवढीच आहे की लघवीबद्दल बोलायची आपल्याला लाज वाटते आणि त्या लाजेपायी आजार वाढत जातो.

मूत्रपिंडे दोन असतात, प्रत्येकी साधारण मुठीएवढी. कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आत ती असतात. दिवसभरात ती सुमारे १८० लीटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा शरीराला परत देतात आणि दीड-दोन लीटर लघवी बाहेर टाकतात. त्यांचे काम गाळण्यापुरते नाही. रक्तदाब सांभाळणे, रक्त तयार होण्यासाठी लागणारे संप्रेरक बनवणे, हाडांसाठी ड जीवनसत्त्व वापरायोग्य करणे, हीही कामे त्यांचीच. म्हणून मूत्रपिंडाचा रुग्ण कित्येकदा लघवीची तक्रार घेऊन येतच नाही. तो येतो थकवा, कमी झालेले रक्त, न आटोपणारा रक्तदाब किंवा पायांवरची सूज घेऊन.

उन्हाळी लागली, म्हणजे काय झाले?

लघवी करताना जळजळ, सारखी घाई, गेल्यावर मात्र चार थेंब, ओटीपोटात दुखणे. याला आपल्याकडे उन्हाळी लागणे म्हणतात आणि दोष उष्णतेला देतात. उन्हात पाणी कमी पडले की लघवी गडद होते आणि थोडी जळजळतेही, हे खरे आहे. भरपूर पाणी पिऊन ते दिवसभरात थांबले तर चिंता नाही. धन्या-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे पाणी आवडत असेल तर प्यावे. त्यातून पाणी पोटात जाते आणि तेच उपयोगी पडते. पण जळजळ दोन दिवसांत थांबली नाही, लघवीला घाण वास आला, ती गढूळ झाली किंवा तिच्यात रक्त दिसले, तर तो जंतुसंसर्ग समजावा. त्यावर सब्जा चालत नाही.

बहुतेक वेळा हे जंतू आपल्याच आतड्यातले असतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा असतो, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. म्हणूनच हा आजार स्त्रियांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो. तो बाईच्या अस्वच्छतेचा पुरावा नाही, हे घरातल्या सासूने आणि नवऱ्याने आधी समजून घ्यावे. लघवी तुंबून राहिली की जंतूंना वाढायला वेळ मिळतो. लघवी वाहून गेली की त्यांच्यातले बरेच वाहून जातात. यावरून काय करायचे ते सरळ कळते. दर तीन-चार तासांनी लघवीला जावे, शौचानंतर पुढून मागे धुवावे, शरीरसंबंधानंतर लघवी करून यावे, पाळीच्या दिवसांत कापड किंवा पॅड वेळेवर बदलावे.

आता औषधाबद्दल. मेडिकलमधून दोन-चार गोळ्या आणायच्या, बरे वाटले की उरलेल्या फडताळात ठेवायच्या आणि पुढच्या वेळी त्याच घ्यायच्या, हा प्रकार घरोघरी चालतो. अशाने जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि मग साध्या संसर्गालाही इंजेक्शने लागतात. डॉक्टरांनी लघवीची कल्चर तपासणी सांगितली असेल, तर नमुना प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधीच द्यावा. नंतर दिला तर अहवालात जंतू दिसत नाहीत आणि गोंधळ वाढतो. नमुना घेताना जागा धुऊन घ्यावी, सुरुवातीची धार सोडून द्यावी आणि मधली धार डबीत धरावी. अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. गोळ्या जितक्या दिवसांच्या दिल्या तितक्या संपवाव्यात.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणे आणि उलट्या असतील, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला आहे. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

काही जणांच्या बाबतीत साधी जळजळही साधी मानू नये. गरोदर बाईला लक्षण नसतानाही लघवीत जंतू असू शकतात आणि त्याने दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. म्हणून गरोदरपणातली लघवीची तपासणी चुकवू नये. लहान मुलाला ताप आहे आणि सर्दी-खोकला काहीच नाही, तेव्हा लघवी तपासायला सांगावे. लहान वयातल्या संसर्गामागे कधी कधी मूत्रमार्गातला जन्मजात दोष असतो आणि तो वेळेत सापडला तर मूत्रपिंड वाचते. पुरुषाला संसर्ग झाला तर त्यामागे प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, खडा किंवा मधुमेह आहे का, ते पाहावेच लागते. आणखी एक गोष्ट आपल्या देशात विसरून चालत नाही. लघवीत पू-पेशी सतत दिसतात, कल्चरमध्ये जंतू मात्र येत नाहीत आणि गोळ्यांचे कोर्स वर कोर्स होऊनही त्रास जात नाही, असे असेल तर मूत्रमार्गाच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी. क्षय फक्त फुप्फुसाचा नसतो.

मुतखडा आणि त्याच्या नावाने चालणारे उपचार

मुतखड्याची कळ ज्याने सोसली त्याला ती सांगावी लागत नाही. पाठीतून सुरू होऊन पुढे जांघेपर्यंत उतरणारी, माणसाला कुठल्याच कुशीवर पडू न देणारी. आपल्या भागात खड्याचे रुग्ण खूप, याचे मोठे कारण ऊन. घामावाटे पाणी जाते, ते भरून निघत नाही, लघवी घट्ट होते आणि तिच्यातले क्षार जमून स्फटिक बनतात. सर्वांत जास्त आढळणारे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे. त्याखेरीज युरिक आम्लाचे आणि वारंवार होणाऱ्या संसर्गातून वाढणारेही असतात.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानेच खडे होतात असा आपला पक्का समज आहे. त्या भीतीने लोक जारचे पाणी विकत आणतात. विकतचे म्हणून मोजून पितात, म्हणजे कमी पितात आणि खड्याला वावच देतात. पाण्याचा जडपणा हे खड्यांचे मुख्य कारण असल्याचे संशोधनातून ठामपणे पुढे आलेले नाही. किती पाणी प्यायलो, हे त्याहून कितीतरी महत्त्वाचे आहे. दिवसाला दोन ते अडीच लीटर लघवी व्हावी एवढे पाणी हवे. उन्हात राबणाऱ्याला त्यासाठी चार लीटर किंवा त्याहूनही जास्त प्यावे लागेल. मोजत बसायचे नसेल तर रंग पाहावा. लघवी फिकट पिवळसर असेल तर पाणी पुरेसे आहे. चहाच्या किंवा मोहरीच्या तेलाच्या रंगाची असेल तर कमी पडते आहे.

दुसरा समज कॅल्शियमचा. खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध-दही बंद, असे सांगणारे जागोजागी भेटतात. खरे तर जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि ते शौचावाटे निघून जाते. दूध बंद केले तर ऑक्झलेट रक्तात जास्त शिरते आणि खड्याचा धोका वाढतो. मीठ मात्र कमी करावे, कारण जास्त मिठाने लघवीतून कॅल्शियम जास्त जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. भाजी, आमटी, लोणचे, पापड, ठेचा आणि आपली शेंगाचटणी यांतले सगळे मीठ त्यात धरायचे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडा असे मी म्हणणार नाही. चटणी करताना मीठ निम्मे घाला आणि जेवताना पानात वरून वाढून घेऊ नका. लिंबू-पाणी चांगले, त्यातले सायट्रेट खडे बनू देत नाही. फक्त त्यात साखर-मीठ ओतू नये.

आता खड्यावर लोक करतात ते उपाय. हुलग्याचे पाणी, पानफुटीचा पाला, कुणा गावच्या वैदूची पुडी, आणि तरुण पोरांत बिअर. यांतले हुलग्याचे पाणी निरुपद्रवी आहे, आवडीने प्यावे. पण हे लक्षात असू द्या की पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक आपोआपच पडतात. त्या आठवड्यात जे काही पोटात गेले असेल त्याला श्रेय मिळते. दहा मिलिमीटरपेक्षा मोठा खडा अशा उपायांनी सहसा पडत नाही. तो आत अडकून राहिला तरी कधी कधी कळ थांबते, माणूस खडा पडला समजून कामाला लागतो आणि तुंबलेल्या लघवीच्या दाबाने ते मूत्रपिंड महिन्या-दोन महिन्यांत निकामी होत जाते. कळ थांबली म्हणजे खडा पडला असे नव्हे. पडला की नाही, हे सोनोग्राफीसारख्या तपासणीनेच कळते. बिअरने लघवी वाढते, तसे शरीर कोरडेही पडते आणि युरिक आम्ल वाढते. तो उपचार नव्हे. पुडीत काय आहे हे देणाराही सांगत नाही, आणि काही भस्मांमधले शिसे-पारा मूत्रपिंडाला थेट अपाय करतात.

खड्याच्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला, लघवी पूर्ण बंद झाली किंवा एकच मूत्रपिंड असलेल्या माणसाला खडा झाला, तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करून रात्रीच निघावे. अडलेल्या लघवीत संसर्ग झाला की तो तासातासाला रक्तात पसरतो.

खड्याच्या शस्त्रक्रियेनंतरची एक गोष्ट इथे मुद्दाम सांगतो, कारण तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने चांगला झालेला रुग्ण पुन्हा आजारी पडतो. दुर्बिणीने खडा काढल्यावर पुष्कळदा मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक नळी ठेवतात, तिला स्टेंट म्हणतात. ती काही आठवड्यांत, जास्तीत जास्त तीन महिन्यांत काढावीच लागते. बाहेरून दिसत नाही, त्रास कमी होतो, ऊसतोड किंवा पेरणी सुरू होते आणि नळी आतच राहते. तिच्यावर खडे चढतात, संसर्ग होतो, मूत्रपिंड जाऊ शकते. घरी सोडताना विचारा, ‘आत नळी ठेवली आहे का, कधी काढायची?’ ती तारीख कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि घरातल्या शिकलेल्या पोराच्या मोबाईलमध्ये टाका.

एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुढच्या पाच-दहा वर्षांत पुन्हा होतो. म्हणून पडलेला खडा फेकू नये, डॉक्टरांकडे तपासायला द्यावा. तो कशाचा आहे हे कळले तर पुढचे पथ्य नेमके ठरते.

वयाबरोबर येणारे त्रास

पन्नाशीनंतर पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथी वाढते. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री चार-पाच वेळा उठावे लागते. वय झाले म्हणून हे सोसत राहायचे कारण नाही, बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो. पण मूत्राशय वर्षानुवर्षे पूर्ण रिकामे झाले नाही तर दाब वर मूत्रपिंडांवर जातो. अशा आजोबांना सर्दीची गोळी दुकानातून आणून देऊ नये. सर्दीच्या काही औषधांनी लघवी अचानक अडते आणि नळी घालायची वेळ येते.

बायकांचे दुखणे वेगळे आणि त्याहून जास्त लपवलेले. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी सुटते. काहींचे अंग बाहेर येते. तीन-चार बाळंतपणे आणि जन्मभर उचललेली ओझी यामागे असतात. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतो, ते ओळखून रोज तीन वेळा, दर वेळी दहा-पंधरादा आवळायचे आणि सोडायचे. हा व्यायाम भाकरी थापतानाही करता येतो आणि नेमाने केला तर दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो. तेवढ्याने भागले नाही तर उपचार आहेत. आई सणाच्या पंगतीला, वारीला, लग्नाला जायचे का टाळते, हे मुलींनी तिला एकदा जवळ बसून विचारावे.

लघवीत रक्त दिसले आणि दुखत काहीच नसेल, तर बरेच जण निश्चिंत राहतात. खरे तर दुखल्याशिवाय येणारे रक्त जास्त काळजीचे. विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसात ते मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते. रक्त एकदा दिसून थांबले तरी तपासणी करावी. आदल्या दिवशी बीट खाल्ले असेल किंवा क्षयाची औषधे चालू असतील तरी लघवी लालसर-नारिंगी होते, तेवढे आधी आठवून पाहावे.

ऊन आणि अंगदुखीची गोळी

या लेखातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांत ऊस तोडणारे तरुण पुरुष मूत्रपिंडे निकामी होऊन मोठ्या संख्येने दगावले. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. डॉक्टरांचे लक्ष तिकडे गेले ते २००२ च्या सुमारास. कारणांवर अजून संशोधन चालू आहे. तरी कडक उन्हातली अंगमेहनत आणि दिवसामागून दिवस शरीर कोरडे पडणे हे त्यातले ठळक कारण मानले जाते. तिथल्या काही मळ्यांत मजुरांना ठरावीक वेळाने सावलीत बसवले, पाणी आणि क्षारांचे पेय दिले, विश्रांती सक्तीची केली, तेव्हा मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली. आपल्याकडे आंध्र प्रदेशात श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागात काजू-नारळाच्या बागांत राबणाऱ्यांमध्ये असाच आजार आहे. विदर्भात पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, बुलढाण्याच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांत, मूत्रपिंडाच्या रुग्णांमुळे गावेच्या गावे धास्तावलेली आहेत. तिथे लोक बोट दाखवतात ते खाऱ्या पाण्याकडे. ऊन, ऊस आणि अंगमेहनत या तिन्ही गोष्टी मोहोळच्या शिवारातही आहेत, म्हणून आपण आधीच सावध व्हावे.

त्यात भर पडते गोळीची. दिवसभर वाकून काम केल्यावर अंग ठणकते. दुकानात मागितली की डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांपैकी काहीतरी मिळते. ही औषधे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. निरोगी, भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाने कधीतरी दोन दिवस घेतली तर बहुधा काही बिघडत नाही. पण शरीर उन्हाने कोरडे पडलेले, आणि गोळी रोज, महिनोन्महिने, असे झाले तर मूत्रपिंड कायमचे दुखावते. आधीच रक्तदाबाची औषधे घेणाऱ्याला धोका आणखी जास्त. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे ही गोळी खाणाऱ्या आज्यांना हे समजावून सांगायला हवे. दुखणे फारच असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावी, ती मूत्रपिंडाला तुलनेने सुरक्षित आहे.

उन्हात काम करताना तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. भर दुपारचे दोन-तीन तास सावलीत घालवावेत आणि फडात पाण्याची घागर हाताच्या अंतरावर असावी. मुकादमांना आणि बागायतदारांना माझी विनंती आहे, की तोड सुरू होईल त्या दिवशी बांधावर ताडपत्रीचा एक आडोसा आधी उभा करा. त्याला खर्च फारसा येत नाही.

उलट्या-जुलाब लागले की मूत्रपिंड काही तासांत संकटात येऊ शकते. ओआरएस लगेच सुरू करावे. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या अशा दिवसांत तात्पुरत्या थांबवाव्या लागतात, म्हणून डॉक्टरांना फोन करून विचारावे. उसात घोणस चावली तर तिच्या विषाने मूत्रपिंडे बंद पडू शकतात. मांत्रिकाकडे किंवा देवळात घालवलेल्या प्रत्येक तासाची भरपाई पुढे डायलिसिसने करावी लागते. थेट सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि लघवी किती होते, तिचा रंग काय, यावर लक्ष ठेवावे.

तरुण मुलींसाठी एक इशारा. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडली, कारण गोरे करणाऱ्या एका क्रीममधला पारा. २०२३ मध्ये ही बातमी सगळीकडे आली होती. ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि घटक लिहिलेले नाहीत, ती घरात आणू नये.

दोन तपासण्या

मूत्रपिंडाचा जुनाट आजार सुरुवातीला दुखत नाही, सुजत नाही, काहीच सांगत नाही. तो होण्याची दोन सर्वांत मोठी कारणे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. म्हणून ज्यांना यांपैकी काहीही आहे, ज्यांच्या घरात कुणाला डायलिसिस झाले आहे, ज्यांना वारंवार खडे होतात आणि जे वर्षानुवर्षे वेदनाशामक खातात, त्या सर्वांनी वर्षातून एकदा दोन तपासण्या करून घ्याव्यात.

पहिली रक्तातल्या क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडे बाहेर टाकतात त्या एका टाकाऊ द्रव्याची. अहवालात नुसता आकडा पाहून ‘नॉर्मल आहे’ म्हणून निघू नका. हे क्रिएटिनिन मूत्रपिंडाचे जवळजवळ निम्मे काम थांबेपर्यंत नॉर्मल दिसू शकते, बारीक अंगाच्या बाईत तर हमखास. म्हणून वय आणि स्त्री-पुरुष लक्षात घेऊन त्यावरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, काढतात, तो विचारावा. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर जुनाट आजार आहे असे धरतात. १५ च्या खाली गेला तर डायलिसिसची किंवा प्रत्यारोपणाची तयारी करावी लागते. दुसरी तपासणी लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची. अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचे प्रमाण ३० च्या वर असेल तर गाळणी गळू लागली आहे. हा बदल क्रिएटिनिनच्या कितीतरी आधी दिसतो आणि तेव्हाच औषध सुरू केले तर आजाराची चाल मंदावते. लघवीला बराच वेळ न मोडणारा फेस येत असेल तर ही तपासणी लगेच करावी.

यानंतरचे काम रोजचे आहे. रक्तदाब शक्यतो १३०/८० च्या आत, साखर आटोक्यात, मीठ कमी, तंबाखू बंद. बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणे, हे मी पाहिलेल्या निष्काळजीपणातले सर्वांत महागडे आहे. गोळी चालू असते म्हणूनच बरे वाटत असते.

आजार पुढे गेलेल्या रुग्णाला भेटायला जाताना आपण शहाळे नेतो. त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही. वाढलेल्या पोटॅशियमने हृदय थांबू शकते. फळांचा रस आणि बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ यांनाही हेच लागू आहे. ‘भरपूर पाणी पी, किडनी साफ होईल’ हा सल्लाही अशा रुग्णाला देऊ नये. सूज असेल, लघवी कमी होत असेल, तर पाणी डॉक्टरांनी सांगितले तेवढेच.

डायलिसिसची वेळ आली तर

एकदा डायलिसिस लागले की कायमचे लागते, या भीतीने लोक नकार देतात आणि रुग्ण गमावतात. सर्पदंश, जुलाब, संसर्ग किंवा औषधाने अचानक बंद पडलेली मूत्रपिंडे पुष्कळदा काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतात, तोवर डायलिसिस जीव वाचवते. जुनाट आजारात मात्र आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास ते करावे लागते. त्यासाठी हातात फिस्टुला करतात, म्हणजे शीर धमनीला जोडतात. म्हणून ईजीएफआर खाली येत चाललेल्या रुग्णाने ज्या हाताने काम करत नाही, त्या हाताच्या शिरा जपाव्यात; त्या हातावर सलाईन किंवा सुई लावू देऊ नये. पोटातून घरच्या घरी करायचे डायलिसिसही असते, दूरच्या गावातल्या माणसाने त्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. प्रत्यारोपण हा सर्वांत चांगला उपाय. जवळच्या नातेवाइकाचे मूत्रपिंड चालते, आणि मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानातूनही मिळते. घरच्यांशी अवयवदानाबद्दल आजच बोलून ठेवावे, म्हणजे तशी वेळ आली तर निर्णय त्यांना जड जाणार नाही.

पैशांअभावी उपचार थांबवू नयेत. राज्याची आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर पहिल्यापासून होते. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण तिच्यात आहे, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी साडेचार लाखांपर्यंत. डायलिसिस आणि खड्याच्या शस्त्रक्रियाही तिच्यात येतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन जा, रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का ते दाखल होण्याआधी विचारा, आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. शंका असेल तर १५५३८८ या क्रमांकावर फोन करा, तो नि:शुल्क आहे.